झडपांच्या जागी पडदे

१ मार्च २००९, रविवार. मॉसन लेक्स.

मेधा म्हणते, तुझं अर्धं आयुष्य डब्यांत गेलं आणि त्यातला एकही डबा जेवणाचा नाही. म्हणो बापडी. बायकोच्या टोमण्यांची नोंद ठेवायची झाली तर वेगळी वही लागेल. ही फक्त कामाची.

जूनच्या लाँग वीकएंडला क्लबचं मॉडेल रेल्वे प्रदर्शन आहे आणि मी भरल्या मीटिंगमध्ये ग्रॅहमला सांगून बसलोय की या वर्षी पडद्यांच्या व्हॅनची, म्हणजे मालडब्यांची, आख्खी रेक आणतो. ग्रॅहम ‘गुड ऑन या, मेट’ म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. आता आणावीच लागणार.

पुढेमागे लेकीने, स्पृहाने हे वाचलं तर तिला कळावं म्हणून लिहितो. इथल्या रेल्वेकडे जुने मालडबे होते. त्यांच्या बाजूंना आडव्या लोखंडी झडपा असत, आत वारा खेळावा पण पाऊस येऊ नये म्हणून. माल चढवायचा तर मधल्या दारातून. फोर्कलिफ्ट आल्यावर ते फार अडचणीचं झालं. मग वर्कशॉपमध्ये झडपा कापून काढल्या, छत आणि टोकाच्या भिंती तेवढ्या ठेवल्या आणि ट्रकला असतात तसे जाड ताडपत्रीचे सरकते पडदे लावले. पडदा ओढला की डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा. मी झडपांच्या व्हॅनचं किट विकत घेतो आणि तेच सगळं सत्त्याऐंशीपट लहान आकारात करतो. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्यावर माणसाला एवढं तरी हवं.

१५ मार्च, रविवार.

राघव येऊन गेला. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला कुणाबरोबर तरी आला होता. सगळे हलव्याचे दागिने बघत होते आणि हा माझ्या कपाटासमोर उभा राहून म्हणाला, ‘‘दादा, या व्हॅनखाली चाकांची बोगी दुसऱ्या डब्याची आहे का?’’ होती! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी येतो. तिशी उलटलीय, पुण्यातली बरी नोकरी सोडून इथल्या युनित मास्टर्स करतोय. नोव्हेंबरात संपलं की पीआरचा, इथे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज. घरी आई आणि धाकटी बहीण.

त्याला जेवायला वाढणं हा एक विधीच आहे. पोळी पुढे केली की ‘‘नको नको, पोट भरलं.’’ पुन्हा केली की ‘‘खरंच नको, दादा,’’ आणि ताटावर हात आडवा. तिसऱ्यांदा मी तो हात बाजूला करून पोळी टाकतो आणि ती बघता बघता संपते. घरचं वळण चांगलं आहे. पहिल्या नकाराला पोळी परत नेतो तो यजमान कसला, असं माझे वडील म्हणत आणि माझंही तेच मत आहे.

कामाचं: पडदे कशाचे करायचे यावरून वाद. मी कागद रंगवून चिकटवतो. राघवने मोडक्या छत्रीचं कापड आणलंय आणि त्याला पडदा खरोखर सरकणारा हवाय, वर बारीक तारेवर. मी म्हटलं, बंद पडद्याआड काय आहे ते कोण बघतंय? तो म्हणाला, ‘‘दादा, पडदा सरकतो म्हटलं की आत काहीतरी लागणारच ना.’’ एक व्हॅन त्याला करायला दिली. करू दे हवं तसं.

२७ मार्च, शुक्रवार. पाडवा.

ऑफिसला उशिरा गेलो. गुढी मागच्या अंगणात उभारली, पुढे उभारली की शेजारीण कौतुकाने दहा प्रश्न विचारते. राघव पहाटेच हजर. आमच्याकडेच आंघोळ केली. त्याच्या घरचा गिझर बिघडलाय म्हणे. गेल्या रविवारीही बिघडलेलाच होता. काय एकेक घरमालक असतात इथे, भाडं तेवढं वेळेवर हवं. राघव मात्र ओले केस पुसत इतका खूश होता, जणू काशीला गंगेत डुबकी मारून आलाय. श्रीखंड तीनदा घेतलं. अर्थात तीनदा नको म्हणून.

५ एप्रिल, रविवार.

इथली उन्हाळी वेळ संपली, आज घड्याळ तासभर मागे घेतलं. संध्याकाळ लवकर होणार, थंडी येणार.

मी घोळ घातला. घाईघाईत दोन्ही बाजूंच्या झडपा एकदम कापल्या आणि छत मधोमध खाली बसलं. डबा पार वाया गेला असं वाटून करवत आपटली. राघव शांतपणे म्हणाला, ‘‘आधी आत एक खांब द्यायचा, मग बाजू काढायच्या.’’ पितळी सळीचा तुकडा आत बसवून त्याने छत उचललं. आता नीट आहे.

नंतर मी चहा घेऊन आलो तर हा खाली कार्पेटवर आडवा, गाढ झोपलेला, बूटसुद्धा न काढता. दुपारी दोनची वेळ. हल्लीच्या पोरांना रात्री काय जागायचं असतं कोण जाणे. चहा निवून गेला. मेधाने त्याच्या अंगावर शाल टाकली आणि मला म्हणाली, आवाज करू नकोस. माझ्याच खोलीत!

१२ एप्रिल, ईस्टर.

फोन, फोन, फोन. इंडियन ग्रोसरीच्या दुकानातल्या बोर्डावर कुणीतरी आमचा नंबर चुकून लावलाय. ‘‘अंकल, रूम खाली है क्या?’’ पंजाबी, तेलुगू, गुजराती, सगळे. फेब्रुवारीत इतकी मुलं आली की कॅम्पसच्या आसपास कोंबड्यांच्या खुराड्यालाही भाडेकरू मिळेल. मागच्या गल्लीत एकाने गॅरेजमध्ये चौघांना ठेवलंय.

मेधाने संधी साधली. ‘‘आपली एक खोली रिकामीच आहे.’’ मी म्हटलं, रिकामी? त्यात लेआउट आहे, रूळ-स्टेशनांचा आख्खा देखावा, चार वर्षांचं काम. ती म्हणाली, ‘‘राघवला विचार ना. त्याचं घर सुटलंय. दुकानातली लीना सांगत होती. तीन खोल्यांत चौदा जण राहत होते, कौन्सिलचे लोक आले आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मार्चच्या सुरुवातीलाच.’’

मी म्हटलं, असं असतं तर तो बोलला नसता का? दर रविवारी चार तास माझ्यासमोर असतो. मित्राकडे सोय झाली असेल. आणि गिझरबद्दल बोलतो म्हणजे घर आहे.

तरी विचारीन म्हणालो. पण प्रदर्शन तोंडावर असताना लेआउट काढणं म्हणजे… असो. विचारीन.

१९ एप्रिल, रविवार.

विचारलं.

राघव पडद्याचे पट्टे कापत होता. मी म्हटलं, ‘‘मेधा म्हणत होती, तुला ही खोली हवी असली तर बघ. लेआउट काढावा लागेल, म्हणजे प्रदर्शनाच्या आधी जरा धावपळच, पण काढू.’’

त्याचा हात थांबला. खिडकीकडे बघत राहिला. खिडकी म्हणजे काय, मी तिच्यावर निळ्या आकाशाचा फळा ठोकलाय, लेआउटच्या मागे दिसायला. मग म्हणाला, ‘‘नको नको, दादा. माझी सोय आहे.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं. छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कशाला लिहू? मेधाला जाऊन सांगितलं, विचारलं, नाही म्हणाला. ती भांडी घासायला लागली. आवाज जरा जास्तच करत होती. जेवताना राघवला चौथी पोळी मी आग्रह करकरून वाढली. मन भरलं.

३ मे, रविवार.

चार व्हॅन पूर्ण. बकलं बसवताना डोळे फुटायची वेळ आली. पडद्याच्या खालच्या कडेला ओळीने बकलं असतात आणि एक जरी तिरकं बसलं तरी सगळी बाजू दारुड्यासारखी दिसते.

राघव हल्ली येताना मोठी सॅक घेऊन येतो आणि मेधा त्याचे कपडे आमच्या मशीनमध्ये टाकते. मी म्हटलं, धोबीघाट उघडलाय का? मेधा म्हणाली, तुला त्रास होतोय का? मला काय त्रास होणार.

स्पृहा आज त्याच्या गाडीत बसून खेळत होती. आत येऊन म्हणाली, ‘‘बाबा, राघवकाका हॅज अ पिलो इन हिज कार. अँड अ कुकर!’’ मी म्हटलं, असेल. पेट्रोल पंपावर त्याची शिफ्ट असते, शिफ्टच्या आधी डोळा लागत असेल. ‘‘बट व्हाय अ कुकर?’’ सात वर्षांच्या मुलीला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. मराठीत विचार, मग सांगतो, म्हटलं. ती निघून गेली.

१७ मे, रविवार.

कडाका. सकाळी गवतावर पांढरं पडलं होतं. राघवला खोकला झालाय, खोकला की हातातला ब्रश थरथरतो. मी त्याला बाहेर बसून खोक म्हटलं, ओल्या रंगावर शिंतोडे नकोत.

मधेच त्याने विचारलं, ‘‘दादा, ही खोली रात्री गरम राहते का?’’ मला त्याचं खरंच कौतुक वाटलं. थंडीत गोंद नीट धरत नाही हे बऱ्याच जुन्या मंडळींच्याही लक्षात येत नाही. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, हीटर किती वर ठेवतो, दाराखाली कापड का लावतो, रात्रभर खोलीतली उष्णता कशी टिकते. तो अगदी मन लावून ऐकत होता. ‘‘रात्रभर,’’ असं एकदा स्वतःशीच म्हणाला.

त्याची व्हॅन तो अजून दाखवत नाही. बुटांच्या खोक्यात ठेवतो, आत काहीतरी करतोय. माल भरतोय म्हणाला. हसू आलं.

२४ मे, रविवार.

दोन असाइनमेंट राहिल्या राघवच्या. हजेरीचीही भानगड झालीय, युनिने बोलावलं होतं. लायब्ररीत उबेला बसलं की झोप लागते म्हणाला. मी त्याला वेळेच्या नियोजनाबद्दल सांगितलं. तक्ता करून भिंतीवर लाव म्हटलं. तो म्हणाला, ‘‘हो दादा, भिंतीवर लावतो,’’ आणि हसला. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. मेधा दारात उभी होती, ती तिथून निघून गेली.

डोळ्यांखाली काळं झालंय त्याच्या. त्याच्या आईने मेलबर्नमध्ये भारतीय मुलांना झालेल्या मारहाणीच्या बातम्या टीव्हीवर बघून फोन केला होता म्हणे. ‘‘काय सांगितलंस?’’ मी विचारलं. ‘‘दादांच्या घरी आहे, सांगितलं.’’ खरंच होतं की, तेव्हा तो इथेच असणार.

४ जून, गुरुवार.

भयंकर चिडलोय.

ऑफिसातून आलो तर राघव दारात. हातात बुटांचं खोकं आणि त्याची हत्यारांची गुंडाळी, चिमटे, कानस, बारीक करवत, सगळं. ‘‘व्हॅन झाली, दादा. हे पण राहू दे तुमच्याकडे.’’ म्हणजे? म्हणे प्रदर्शनाला जमणार नाही, उद्या पहाटे पार उत्तरेला, डार्विनला निघतोय. एकजण गाडीने चाललाय, त्याला सोबत हवीय, तिकडे काम आहे.

‘‘आणि सेमिस्टर?’’

‘‘बघू.’’

‘‘बघू काय? नोव्हेंबर आलाच की. मधेच सोडलंस तर व्हिसा जाईल, पीआर जाईल, सगळं मुसळ केरात. आणि रविवारी दुपारी गाड्या कोण चालवणार? तुझं नाव दिलंय मी!’’

‘‘सॉरी, दादा.’’ एवढंच.

मेधाने पोळ्या आणि मुरंबा बांधून दिला. नको नको म्हणत होता, तिने सॅक उघडून आत कोंबलं. जाताना माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. पायाने कार्पेट दाबून बघितलं. ‘‘खोली मस्त आहे, दादा,’’ म्हणाला आणि गेला. ज्याच्यासाठी एवढं केलं तो असा ऐनवेळी पाठ फिरवतो. रागाने त्याचं खोकं उघडूनही बघितलं नाही.

६ जून, शनिवार.

रेक उत्तम दिसली. क्लबच्या लांब ट्रॅकवर सगळ्या पडद्यांच्या व्हॅन एका ओळीत, राघवची शेवटी, खोक्यातून काढली तशीच. ग्रॅहम बराच वेळ वाकून बघत होता. ‘‘ब्लडी ब्यूटिफुल,’’ म्हणाला आणि हात मिळवला. मी यासाठी तीन महिने वाट पाहिली होती.

दुपारी गाडी थांबवली होती तेव्हा स्पृहा स्टुलावर चढली आणि मी नको म्हणेपर्यंत तिने राघवच्या व्हॅनचा पडदा नखाने सरकवला. तारेवरून अलगद सरकला, अगदी खऱ्यासारखा.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘समबडी लिव्ज इन देअर.’’

मी भिंग लावून बघितलं. आत खोकी नव्हती, पोती नव्हती. स्पंजची गादी होती. चेक्सचं पांघरूण. पितळी सळीतून घडवलेला कुकर, त्याला शिट्टीसुद्धा. पुस्तकांची चळत. टोकाच्या भिंतीवर खुंटी आणि तिला इस्त्रीचा शर्ट. गादीवर एक माणूस झोपलेला. डबा एवढा लांब, पाय हवे तितके पसरता आले असते, पण त्याने गुडघे पोटाशी घेतले होते. माणूस गाडीच्या मागच्या सीटवर झोपतो तसे.

‘‘दॅट्स द पिलो,’’ स्पृहा म्हणाली. ‘‘आय टोल्ड यू.’’

लोक गाडी सुरू करा म्हणत होते. मला पडदा ओढता येईना. शेवटी ग्रॅहमने ओढला.

७ जून, रविवार.

प्रदर्शनाला गेलो नाही. राघवचा फोन बंद. कॅम्पसवर त्याच्या वर्गातला एकजण भेटला. मार्चपासून राघव गाडीतच राहत होता, तळ्याजवळच्या पार्किंगमध्ये. तुम्हाला माहीत नव्हतं? त्या मुलाने विचारलं. तो तर सगळ्यांना सांगायचा, रविवारी मी दादांच्या घरी जातो.

ते पार्किंग माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. मी रोज तिथून जातो.

घरी येऊन मेधाला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि याचा मला आणखी राग आला. ‘‘मी विचारलं होतं त्याला!’’ मी ओरडलो. ‘‘तुझ्या सांगण्यावरूनच विचारलं होतं. तो नाही म्हणाला.’’

मेधा कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यात त्याचा एक पायमोजा राहिला होता. म्हणाली, ‘‘किती वेळा विचारलंस?’’

मी तो पायमोजा उचलून हातात घेतला.

‘‘पोळी वाढताना त्याचं पहिलं ‘नको’ तू कधी ऐकलंस, संजीव?’’

८ जून, सोमवार. सुट्टी.

लेआउट काढला. चार वर्षांचं काम निघायला सकाळ पुरली. खिडकीवरचं निळं आकाश उपटलं तर मागे खरी खिडकी, काचेवर धूळ. दुपारी पलंग आणि गादी आणली. मेधाने जुन्या बेडशीटचे पडदे शिवले. ती मशीनवर बसली होती, मी दांडा ठोकत होतो. मला रडू आलं. हातोडी खाली ठेवून रडलो. मेधा मशीन चालवत राहिली.

ग्रॅहमचा फोन आला, रेकला पहिलं बक्षीस. तू ठेवून घे म्हटलं. ‘‘नो वरीज, मेट. यू ओके?’’ नाही, म्हटलं.

राघवला कालपासून मेसेज टाकतोय. खोली तयार आहे. जात नाहीत.

१४ जून, रविवार.

दुपारी जेवायला बसलो होतो. अनोळखी नंबर. मी उष्ट्या हातानेच उचलला.

‘‘दादा, राघव बोलतोय. पोचलो नीट. जुना फोन वाटेत बिघडला.’’ मागे गाड्यांचे आवाज येत होते. ‘‘इथे छान ऊब आहे, दादा. खोकला थांबला.’’

मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं विसरलो. म्हटलं, ‘‘राघव, खोली रिकामी केली. ये.’’

‘‘नको नको, दादा. माझी सोय आहे.’’

‘‘सोय नाहीय, मला माहीत आहे. लेआउट काढून टाकला, पलंग लावलाय, मेधाने पडदे शिवलेत. मी युनित येतो तुझ्याबरोबर, बोलू आपण त्यांच्याशी. ऐक माझं, ये.’’

‘‘खरंच नको, दादा.’’ तो घाईघाईने बोलायला लागला. ‘‘युनिचा मेल आला. एनरोलमेंट गेली, प्रवेश रद्द. आता तिकडे येऊन काय करू? आईला सांगू नका. वहिनींना सांगा, पोळ्या वाटेत पुरल्या. शिफ्टला बोलावतायत, ठेवतो.’’

मेधा ताटावरून उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. स्पृहा म्हणाली, ‘‘बाबा, राघवकाका हंग अप.’’

फोन तसाच कानाला धरून मी तिसऱ्यांदा म्हणालो, ‘‘राघव, ये.’’